८४व्या मिनिटाविषयी

धंतोली, नागपूर
रविवार, सकाळ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गेल्या शनिवारच्या फुटबॉल सामन्याचे चित्रीकरण आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिले. आजोबांनी चष्मा दोनदा पुसला, आईने गॅसवरची भाजी उतरवून ठेवली, आणि तू उजव्या बगलेवरून दिलेल्या ज्या पासवर गोल झाला तो पास आम्ही मागे नेऊन चार वेळा पाहिला. मान वर न करता तुला तो मुलगा कुठे असेल हे कळले होते, आणि असे कळणे शिकवून येत नाही. त्या पासविषयी मी कितीही लिहू शकेन, पण आज मला ८४व्या मिनिटाविषयी लिहायचे आहे.

तुम्ही १-० ने पुढे होता. चेंडू थ्रो-इनसाठी बाहेर गेला होता आणि तुझ्या आसपास दहा पावलांच्या आत कोणीही नव्हते. तू बाकाकडे पाहिलेस, प्रशिक्षकांनी तळहात खाली दाबून खूण केली, तू पाच-सहा पावले चाललास आणि मग डावी पोटरी धरून गवतावर आडवा झालास. समोरच्या संघाचा पाच नंबरचा मुलगा, ज्याच्या संघाला एकेक सेकंद हवा होता, तो धावत आला, खाली बसला आणि तुझा डावा बूट हातात घेऊन त्याने तुझा पाय ताणून धरला. थोड्या वेळाने फिजिओ आले, तेव्हा तू त्यांच्यापुढे उजवा पाय केलास. या सगळ्यात जवळजवळ अडीच मिनिटे गेली. मग नियमाप्रमाणे तू रेषेबाहेर गेलास, पंचांच्या खुणेने परत आलास आणि आलेल्या पहिल्याच चेंडूमागे चाळीस यार्ड धावलास.

मी तीस वर्षे हा खेळ खेळलो आणि पाहिला आहे, त्यामुळे मला तेव्हाच कळले. आईला कळले नाही. तिचा हात तोंडावर गेला होता, आणि त्या रात्री फोनवर तिने तुला पायाचे विचारले तेव्हा तू म्हणालास, "काही नाही गं, आता बरं आहे." पंच, पाच नंबरचा मुलगा आणि फिजिओ यांच्यानंतर त्या दिवशी तू फसवलेली चौथी व्यक्ती ती होती, आणि ती नऊशे किलोमीटरच्या आसपास लांब आपल्या स्वयंपाकघरात उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी तुला एकट्याला विचारले तेव्हा तू खोटे बोलला नाहीस, याचे मला समाधान आहे. तू म्हणालास, "बाबा, सगळेच करतात. सर सांगतात तर करावंच लागतं. सामना हुशारीने संपवणं हासुद्धा खेळच आहे." या तीन वाक्यांतले शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते, कारण ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधाराने उरलेले अर्धे उभे राहते.

आघाडी टिकवण्यासाठी खेळ संथ करणे यात मला काही गैर दिसत नाही. चेंडू कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेऊन पाठीने अडवून धरणे, आपापसांत वीस पास खेळून समोरच्यांना पळवणे, घाईने पुढे न जाता मागे वळणे, ही कौशल्याची कामे आहेत. तू लहानपणी आजोबांबरोबर कबड्डी पाहायचास. तिथे आघाडीवर असलेल्या संघाचा चढाईपटू शेवटच्या चढाईत आपले ३० सेकंद पुरेपूर वापरतो, गडी बाद करण्याच्या फंदात पडत नाही, आणि त्याला कोणी लबाड म्हणत नाही. कारण त्या ३० सेकंदांत समोरचे सात जण त्याला पकडू शकतात. कॉर्नरपाशी अडवलेला चेंडूही समोरचा हिसकावून घेऊ शकतो. वेळ घालवणारा तिथे स्वतः धोका पत्करत असतो.

तू आडवा झालास तेव्हा समोरच्यांच्या हातात काय उरले होते? त्यांना तुझ्यापासून चेंडू घेता येत नव्हता, तुला उठवता येत नव्हते, पंचांकडे तक्रार केली असती तर ते निर्दय ठरले असते. फुटबॉलमध्ये कोणी पडला तर चेंडू स्वतःहून बाहेर मारायची जी जुनी रीत आहे ती कोणत्याही नियमाने सक्तीची केलेली नाही, ती खेळाडूंनी एकमेकांसाठी पाळलेली आहे. दुखापतीचे सोंग घेणारा त्या रीतीचाच वापर करतो. पाच नंबरच्या त्या मुलाचा चांगुलपणा तू त्याच्याच संघाविरुद्ध वापरलास, आणि कॉर्नरपाशी चेंडू अडवणे व पोटरी धरून पडणे यांत मला दिसणारा फरक हाच आहे.

तू म्हणशील की वाया गेलेला वेळ पंच शेवटी देतातच. सातव्या नियमाप्रमाणे द्यायलाच हवा, आणि २०२२च्या कतार विश्वचषकात फिफाच्या पंच समितीचे प्रमुख पिएर्लुइजी कॉलिना यांनी हा हिशेब काटेकोरपणे ठेवायला लावला तेव्हा जग चकित झाले होते. इंग्लंड-इराण सामन्यात पहिल्या अर्धात १४ मिनिटे वाढवली गेली, आणि त्यातला मोठा भाग इराणचा गोलरक्षक बेइरानवांद याच्या डोक्याला खरोखर लागले त्यासाठी होता. परंतु पंच मिनिटे परत देऊ शकतात, लय परत देऊ शकत नाहीत. तू पडण्याआधीच्या पाच मिनिटांत त्या मुलांनी तुमच्या गोलासमोर तीन कॉर्नर मिळवले होते, तुमचे बचावपटू धापा टाकत होते, गोल आता होईल असे वाटत होते. अडीच मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायले होते, तुमच्या बचावफळीने श्वास घेतला होता आणि ती लाट ओसरली होती. ९०व्या मिनिटानंतर पंचांनी चार मिनिटे दिली, पण ती लाट त्या चार मिनिटांत नव्हती. तुमच्या सरांना हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी तो क्षण निवडला.

मी तुझ्या वयाचा असताना, १९९०चा विश्वचषक आम्ही सातजण शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहत होतो. त्या स्पर्धेत सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, आणि इतकी कमी सरासरी त्याआधीच्या कोणत्याही विश्वचषकात नव्हती. आयर्लंड आणि इजिप्त यांचा पालेर्मोचा गोलशून्य सामना तेव्हाच्या खेळाचे कंटाळवाणे रूप म्हणून अजून सांगितला जातो. बचावपटूने चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षकाने हातांनी उचलायचा, थोडे चालायचे, पुन्हा बचावपटूला द्यायचा, त्याने पुन्हा मागे द्यायचा, आणि हे सगळे नियमात बसत होते. १९९२मध्ये नियम बदलला, आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने धरता येईना. आज तू गोलरक्षकाला डोके वर करून पास खेळताना पाहतोस, तो त्या एका बदलाचा परिणाम आहे. वेळकाढूपणा बंद केल्याने खेळ गरीब झाला नाही, गोलरक्षकांना पाय वापरायला शिकावे लागले.

पुढे २०००मध्ये गोलरक्षकाला चेंडू हातात धरायला ६ सेकंदांची मर्यादा आली, पण शिक्षा होती गोलासमोरच्या चौकटीतली अप्रत्यक्ष फ्री किक, आणि इतकी जड शिक्षा द्यायला पंच धजेनात. नियम पुस्तकात राहिला. २०२५मध्ये मर्यादा ८ सेकंद केली गेली आणि शिक्षा झाली कॉर्नर, तीही शेवटचे ५ सेकंद पंचांनी हात वर करून बोटांनी मोजायचे. हलकी झाल्यामुळे ती शिक्षा आता दिली जाते. २०१७मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने याहून पुढे जाऊन, चेंडू थांबला की घड्याळही थांबवावे आणि अर्ध ३० मिनिटांचे करावे, या कल्पनेवरही चर्चा सुरू केली होती. ती अजून अमलात आलेली नाही.

हे सगळे तुला सांगण्याचे कारण असे की हातातला चेंडू दिसतो, म्हणून त्याचे सेकंद मोजता येतात. पोटरीतला गोळा कोणत्याही पंचाला दिसत नाही. बारावा नियम सोंगाला पिवळे कार्ड दाखवायला सांगतो, पण ते दाखवणाऱ्या पंचाला आधी स्वतःशी म्हणावे लागते की समोर पडलेला माणूस खोटा आहे, आणि तो खोटा नसला तर? म्हणून उपचार झालेल्या खेळाडूने काही काळ बाहेर जावे असे ठरले, त्यातून गोलरक्षकाला सूट द्यावी लागली, आणि आता कित्येक संघ त्या सुटीचा फायदा घेऊन अडचणीच्या वेळी गोलरक्षकालाच खाली बसवतात व बाकीचे दहा जण प्रशिक्षकांभोवती गोळा होतात. प्रत्येक कुंपणाला अशी एक फट राहतेच, कारण खऱ्या जखमी माणसासाठी ती ठेवावीच लागते. दुखण्याच्या बाबतीत नियमाला शेवटी खेळाडूच्या शब्दावर विसंबावे लागते.

हा शब्द मोडण्याची सवय कुठपर्यंत जाऊ शकते याचे एक उदाहरण मला कधीच विसरता आलेले नाही. ३ सप्टेंबर १९८९ला रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि चिली यांच्यात विश्वचषकाचा पात्रता सामना होता आणि ब्राझील १-० ने पुढे होते. प्रेक्षकांतून एक पेटती नळी मैदानात पडली, तिच्या धुरात चिलीचा गोलरक्षक रोबेर्तो रोहास कोसळला आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा रक्ताने माखलेला होता. सहकाऱ्यांनी त्याला उचलून नेले, चिलीचा संघ परत मैदानात आलाच नाही. पुढे छायाचित्रांतून दिसले की नळी त्याला लागलीच नव्हती. त्याने हातमोज्यात पाते लपवून आणले होते आणि स्वतःच स्वतःला कापून घेतले होते. त्याच्यावर आजन्म बंदी आली, जी २००१मध्ये उठवली गेली, आणि चिलीला १९९४च्या विश्वचषकातून बाद करण्यात आले. तुझी आणि त्याची बरोबरी मी करत नाही. पण ज्या पोरांनी रडत रडत त्याला खांद्यावरून नेले त्यांचा विचार माझ्या मनात येतो. आपण खऱ्या रक्तासाठी मैदान सोडले असेच त्यांना वाटत असणार.

आता जे लिहितो ते तुला मी आजवर सांगितले नाही.

१९९६ची गोष्ट आहे. कामठीला एका स्थानिक स्पर्धेत मी बचावफळीत खेळत होतो. आम्ही एका गोलने मागे होतो आणि समोरच्या संघाचे खेळाडू उत्तरार्धात पाळीपाळीने पडत होते. एक घोटा धरून पडला आणि कॉर्नर वाचवायला सर्वांत आधी धावला, दुसरा पोट धरून पडला, तिसऱ्याने तर पंच पाहत नाहीत हे बघून आधी जागा साफ केली आणि मग लोळण घेतली. कामठीचे प्रेक्षक फुटबॉल जाणतात, ते रेषेवरून ओरडत होते, आणि आमच्या अंगात आग होती. शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना त्यांचा उजव्या बगलेचा पोरगा माझ्याशी खांद्याला खांदा लागून पडला. धक्का साधा होता. तो कुशीवर पडून राहिला. मी त्याच्या डोक्याशी उभा राहून म्हणालो, "ऊठ, नाटक पुरे झालं," आणि त्याचा उजवा हात धरून त्याला जोराने वर ओढले.

तो ओरडला नाही. त्याचे ओठ पांढरे झाले आणि तो माझ्या पायांवर परत बसला. मानेखालचे हाड, ज्याला डॉक्टर कॉलर बोन म्हणतात, ते पडतानाच मोडले होते, आणि मी त्याच बाजूचा हात ओढला होता. हाड सरकल्याचे माझ्या हाताला कळले. ते कसे कळले हे मला आजही शब्दांत सांगता येत नाही, पण तो हात मी आजही विसरलेलो नाही.

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. खांद्यांभोवती पट्ट्याचे बंधन घालून तो खाटेवर बसला होता. तो एका दुकानात माल उतरवण्याचे काम करायचा, आणि पुढचे दीड-दोन महिने त्याला मजुरी मिळणार नव्हती. त्याच्या आईने मला चहा दिला, तिला कोणी सांगितलेच नव्हते की हात ओढणारा मीच होतो. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "माह्याआधी तिघं झूटमूट पडले होते भाऊ, तुले तरी कसं समजन?" त्याने मला माफ केले, मला मात्र ते जमले नाही. त्या तिघांना काहीच झाले नाही, त्यांनी सामना जिंकला आणि करंडक नेला. त्यांच्या तीन खोट्या पडण्यांची किंमत चौथ्या खऱ्या पडणाऱ्याने मोजली, आणि ती वसूल करणारा हात माझा होता.

म्हणून तू पडलास तेव्हा मी तुझ्याकडे पाहतच नव्हतो, तुमच्या संघातल्या बाकीच्या दहा मुलांकडे पाहत होतो. पुढच्या सामन्यात त्यांच्यापैकी कोणाचा गुडघा खरोखर फिरला, तर तो पाच नंबरचा मुलगा पुन्हा धावत येईल का, याचा विचार करत होतो. तुमचे चित्रीकरण त्यांच्या संघानेही पाहिले असेल, आणि तुझा डावा पाय उजवा झालेला त्यांनाही दिसला असेल.

तुला १२ जून २०२१ची रात्र आठवते ना? शाळा बंद होत्या, तू माझ्या शेजारी गादीवर बसून डेन्मार्क-फिनलंड सामना पाहत होतास. पूर्वार्ध संपत आला असताना थ्रो-इनचा चेंडू घेण्यासाठी पुढे आलेला ख्रिस्तियान एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता पडला. तू मला विचारलेस, "बाबा, तो उठत का नाही?" पंच अँथनी टेलर यांनी काही क्षणांत खेळ थांबवून डॉक्टरांना बोलावले, कर्णधार सिमोन केअर धावत आला, खेळाडूंनी पाठ फिरवून त्याच्याभोवती कडे केले. त्याचे हृदय बंद पडले होते आणि मैदानावरच्या उपचारांनी ते पुन्हा सुरू झाले. तोही थ्रो-इनच्या वेळी पडला, त्याच्याजवळही कोणी प्रतिस्पर्धी गेला नव्हता, आणि तरी हा सोंग करतोय का, असा विचार कोणी क्षणभरही केला नाही. तो विश्वास जगभरच्या खेळाडूंचा सामायिक आहे. तू त्यातलीच अडीच मिनिटे खर्च केलीस.

सरांसमोर नाही म्हणणे तुला किती अवघड आहे हे मी जाणतो. संघनिवड त्यांच्या हातात आहे, वसतिगृहातली जागा निवडीवर अवलंबून आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाने बाकाकडून आलेल्या खुणेकडे दुर्लक्ष करावे असे सांगणे दूर नागपुरात बसलेल्या बापाला सोपे असते. मी सरांना फोन करणार नाही. पण सराव संपल्यावर, एकटे असताना, तू त्यांना म्हणू शकतोस की शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू कॉर्नरपाशी अडवून धरायचे काम मला द्या, ते मी करीन, खाली पडण्याचे काम मला देऊ नका. तुझे शरीर चेंडू आणि माणूस यांच्यामध्ये ठेवण्यात तू चांगला आहेस, रेशीमबागेच्या मैदानावर तू तुझ्याहून चार वर्षांनी मोठ्या मुलांना तसे अडवलेले मी पाहिले आहे. यामुळे तुला दोन-चार सामने बाकावर बसावे लागले तर बस. त्याचा हिशेब मी तुझ्याकडे कधीही मागणार नाही.

आणि हेही नीट वाच. खरोखर गोळा आला, खरोखर दुखले, डोक्याला लागून अंधारी आली, तर क्षणाचाही संकोच न करता खाली बस, मग सामन्यात कितीही मिनिटे उरलेली असोत आणि सर काहीही म्हणोत. मे महिन्यात इथल्या उन्हात तू पहाटेचा सराव संपवून पोटऱ्या धरून बसायचास, ते गोळे मी माझ्या हातांनी सोडवले आहेत. तुझ्या दुखण्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणूनच मी हे पत्र लिहीत आहे.

काल आईने तुला पार्सल पाठवले. त्यात चिवडा आहे, संत्र्याची बर्फी आहे, आणि एका बाटलीत तिने स्वतः लसूण-ओवा घालून कढवलेले मोहरीचे तेल आहे, डाव्या पोटरीला रात्री झोपताना लावण्यासाठी. ते कढवताना ती मला दोनदा म्हणाली की मुलगा सांगत नाही, पण त्याला बरेच दुखले असणार. मी काही बोललो नाही आणि पुढेही बोलणार नाही. पार्सल बुधवारपर्यंत पोहोचेल. मिळाल्यावर तिला फोन कर आणि तिला काय ते तूच सांग.

तुझा,
बाबा